समतोल कोणी ठरवायचा? भूमिकाखेळातील घरगुती नियमांचा इतिहास

लपंडाव किंवा डबा ऐसपैस चालू असताना एखादे चार वर्षांचे धाकटे भावंड ‘मलाही घ्या’ म्हणून हट्ट धरून बसले, की मोठी मुले त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळायला घेतात. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. तो सापडला तरी सापडला असे धरत नाहीत. हा नियम कुठल्या पुस्तकात छापलेला नाही आणि शेजारच्या वाड्यात तो थोडा निराळाही असू शकतो. असमान ताकदीच्या खेळाडूंना एकाच खेळात कसे सामावून घ्यायचे, या जुन्या प्रश्नाचे मुलांनी शोधलेले ते उत्तर आहे. ते टिकते, कारण सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्या पुन्हा त्याच अंगणात भेटणार असतात.

गेल्या अर्धशतकात अमेरिकेत वाढलेल्या एका खेळप्रकारापुढे हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता तो संभाव्यतेच्या गणितापर्यंत व शेवटी कायद्याच्या परवान्यापर्यंत जाऊन पोचला. हा खेळप्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ. त्यातला आद्य आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतील मुले तळघरात बसून जो खेळतात, तोच हा. चार-पाच जण जमतात. एक जण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. समोर काय दिसते ते सूत्रधार सांगतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो. यश मिळेल की नाही अशी शंका असेल, तेथे फासा टाकतात. या खेळात कोणी जिंकत नाही आणि गोष्ट महिनोन् महिने चालू राहू शकते.

प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो : योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक, चोर. वर्गानुसार त्याला काही खास शक्ती मिळतात. छापील वर्गांवर समाधान न मानता स्वतः नवे वर्ग आणि नव्या शक्ती रचणारे हौशी सुरुवातीपासून आहेत. अशा रचनेला ‘होमब्रू’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ घरी गाळलेली बिअर. घरच्या गाळपाची अडचणही तीच. रचणाऱ्याला ती गोड लागते, पण पंगतीतल्या इतरांना सोसेलच असे नाही. म्हणून या खेळात ‘समतोल’ या शब्दावर जेवढा वाद झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. हा समतोल प्रथम ओळखीच्या माणसांमधला समजूतदारपणा होता. अनोळखी माणसे एकाच नियमांनी खेळू लागली तेव्हा तो आकड्यांत उतरवावा लागला, आणि आकड्यांत उतरताना त्यातला काही भाग सांडला. तो कसा सांडला आणि त्याची भरपाई कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

पंच आणि कोष्टक

या खेळाचे मूळ करमणुकीत कमी आणि युद्धशिक्षणात जास्त आहे. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट राइसवित्झ याने 1824 मध्ये ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर ठोकळे मांडायचे, फासे टाकायचे, कोष्टकावरून हानी मोजायची आणि या सगळ्यावर एक पंच बसवायचा, अशी त्याची रचना होती. अधिकाऱ्यांना ती उपयोगी वाटली, पण कोष्टके किचकट होती. 1876 मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने उलटा मार्ग सुचवला : कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निवाडा करू द्या. नियमावर भरवसा ठेवायचा की माणसावर, ही पुढच्या सगळ्या वादांतली मूळ ओढाताण इथेच दिसते.

अमेरिकी लष्करातील चार्ल्स टॉटन याने 1880 मध्ये ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचे पुस्तक लिहिले. मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाला ते अनेक दशकांनी ग्रंथालयात सापडले. खेळाडूने काहीही करण्याचा प्रयत्न करावा आणि त्याचे फळ पंचाने ठरवावे, ही कल्पना त्याने त्यातून उचलली. 1969 मध्ये त्याने नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन गावावर ‘ब्राउनश्टाइन’ हा खेळ मांडला आणि खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. खेळ गोंधळात संपला. वेस्लीला तो फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने 1971 च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचे अद्भुत जग उभे केले. 1972 च्या अखेरीस त्याने ते विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे गॅरी गायगॅक्सला खेळून दाखवले. गायगॅक्सच्या नावावर तेव्हा मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक होते. दोघांच्या कामातून जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडले : एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

पहिली घरगुती पात्रे

त्या पुस्तिकांत तीनच वर्ग होते. त्यांतला धर्मोपदेशक कसा आला, यात घरगुती समतोलाचा पहिला धडा आहे. ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले होते आणि ते इतके बलवान झाले, की कोणाला आवरेना. त्यावर तोड म्हणून पिशाचांचा पाठलाग करणारा एक धर्मगुरू दुसऱ्या खेळाडूला देण्यात आला. त्या काळच्या ब्रिटिश भयपटांतील पिशाचशिकाऱ्याची छाया त्याच्यावर होती. पुढे छापील नियमांत हा वर्ग सर्वांसाठी आला, तेव्हा रोग बरे करणे, प्रेतात्म्यांना पळवून लावणे आणि धारदार शस्त्र न वापरणे ही त्याची लक्षणे ठरली. ज्या पिशाचासाठी त्याचा जन्म झाला ते आता टेबलावर नव्हते, पण उतारा मात्र कायमचा राहिला.

चोराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. 1974 मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील एरो हॉबीज या दुकानाचे गॅरी स्विट्झर यांनी आपल्या मंडळींनी रचलेल्या चोराची कल्पना गायगॅक्सला दूरध्वनीवर सांगितली. गायगॅक्सने ती आपल्या पद्धतीने बेतली आणि 1975 च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा अधिकृत वर्ग झाला. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, सावलीत लपणे या कामांना त्यात टक्केवारी होती. पहिल्या पातळीच्या चोराला सावलीत लपण्याची संधी दहा टक्के होती.

वरकरणी एका नव्या पात्राची सोय झाली. पण त्याआधी कोणत्याही खेळाडूने ‘मी खांबामागे लपतो’ असे म्हटले, की सूत्रधार प्रसंग पाहून निर्णय देई. आता लपणे ही चोराची खास विद्या ठरली. मग योद्ध्याने लपायचे की नाही? लपायचे असेल, तर दहा टक्क्यांहून कमी संधीने? नवी शक्ती एकाला दिली, की ती न सांगता इतरांकडून काढून घेतली जाते, हे येथे प्रथम स्पष्ट झाले. घरगुती शक्ती रचणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न आजही हाच आहे : ही गोष्ट आतापर्यंत सगळ्यांना करता येत होती का?

वाचकांच्या पोतडीतून आलेले वर्ग पुढेही छापले गेले. कंपनीच्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत 1975 मध्ये जो फिशर यांचा वनरक्षक व पीटर अॅरन्सन यांचा मायावी आला, 1976 च्या फेब्रुवारीत डग श्वेगमन यांचा भाट आला. 1978 च्या नियमपुस्तकात पहिले दोन मुख्य वर्गांच्या यादीत बसले आणि भाटाला परिशिष्टात जागा मिळाली. आज ज्यांना खेळाचे अधिकृत अंग मानतात, त्यांतले कित्येक वर्ग असे कोणाच्या तरी घरून आलेले आहेत.

वेळ, दुर्मिळता आणि मर्यादा

सुरुवातीच्या नियमांत समतोल साधण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला उशिराचा. जादूगाराला पहिल्या पातळीवर दिवसाला एकच मंत्र मिळे आणि एका तडाख्यात तो मरू शके. मात्र वरच्या पातळीवर तो एकटा सैन्य उधळून लावी. शिवाय दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी त्याला 2,500 अनुभवांक लागत, योद्ध्याला 2,000, धर्मोपदेशकाला 1,500 आणि चोराला 1,200. हा हिशेब वर्षभर चालणाऱ्या गोष्टीत जमतो. पाच बैठकांत संपणाऱ्या गोष्टीत जादूगार दुबळाच राहतो, आणि वरच्या पातळीपासून सुरू होणाऱ्या गोष्टीत त्याने दुबळेपणाची किंमत कधी मोजलेलीच नसते.

दुसरा मार्ग दुर्मिळतेचा. ‘ग्रेहॉक’मधील पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्धा, इतरांहून सरस होता, पण त्यासाठी पात्राची प्रभावशक्ती किमान 17 लागे. तीन फाशांची बेरीज 17 किंवा 18 येण्याच्या रीती 216 पैकी फक्त 4, म्हणजे 54 मध्ये एक. पॅलाडिन क्वचितच निघतो, म्हणून तो बलवान असला तरी चालेल, असा युक्तिवाद. एकूण जगाच्या हिशेबात तो बरोबर आहे. पण ज्या टेबलावर पॅलाडिन निघाला, तिथे तो दर आठवड्याला हजर असतो. शेजारी बसलेल्या साध्या योद्ध्याला उरलेल्या 53 टेबलांचे काही सुख नसते.

तिसरा मार्ग मर्यादेचा : धर्मोपदेशकाला धारदार शस्त्र नाही, जादूगाराला चिलखत नाही. हा मार्ग सर्वांत टिकाऊ ठरला, कारण त्यामुळे पात्रांना एकमेकांची गरज पडते. ज्याला सगळे येते, त्याला सोबत कशाला हवी?

1974 च्या पुस्तिकांत आणखी एक मोकळी सूचना होती. खेळाडूला अगदी ड्रॅगन व्हायचे असेल तरी हरकत नाही. मात्र त्याने लहान, कोवळ्या ड्रॅगनापासून सुरुवात करावी आणि हळूहळू वाढावे. किती लहान, किती हळू, याचा आकडा दिलेला नव्हता. तो सूत्रधाराने ठरवायचा होता.

अनोळखी माणसे आली

जून 1975 मध्ये ली गोल्ड यांनी लॉस एंजेलिस येथून ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ सुरू केले. ठिकठिकाणचे खेळाडू आपापली पाने पाठवत, ती एकत्र बांधून टपालाने सर्वांना जात. एका शहराचे घरगुती नियम दुसऱ्या शहरात पोचू लागले, आणि त्याबरोबर पात्रेही. एका उदार सूत्रधाराकडे वाढलेले पात्र कंजूष सूत्रधाराच्या टेबलावर आले, की भांडण ठरलेले. त्याच वर्षी बॉल्टिमोर येथील ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही मोहीम स्पर्धा म्हणून मांडली. स्पर्धेत तर अनोळखी गटांची तुलना करायची असते.

आपल्याकडच्या बुद्धिबळाचेही असेच झाले. देशी पद्धतीत राजाला एकदा घोड्याची चाल मिळे आणि प्यादे शेवटच्या घरात पोचले, की त्या घराच्या मोहऱ्याचे रूप घेई. गावोगावी यात फरक होते. परक्या माणसाशी स्पर्धेत बसण्याची वेळ आली, तसे हे नियम मागे पडून आंतरराष्ट्रीय नियम आले.

गायगॅक्सने 1977 ते 1979 या काळात ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन जाड पुस्तके काढली आणि सर्वत्र एकसारखा खेळ हवा, असा आग्रह धरला. तीन वर्षांपूर्वी वाचकांना स्वतः कल्पना लढवा म्हणणारा हाच लेखक आता मनमानी फेरफाराविरुद्ध बजावू लागला. यामागे खेळाचे कारण होते, तसे धंद्याचेही. आर्नेसनने मानधनाच्या हक्कासाठी 1979 मध्ये दावा लावला आणि 1981 मध्ये तडजोड झाली. नियम कोणाचे, हा प्रश्न टेबलावरून न्यायालयात गेला होता.

पुढे मूळ कंपनी बुडू लागल्यावर 1997 मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने ती घेतली. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक खुला परवाना आला. मूळ नियमांचा मोठा भाग वापरून कोणीही स्वतःचे पुस्तक छापून विकावे, अशी त्यात मुभा होती. घरगुती रचना वहीतून बाजारात आली. परिणामी वर्ग आणि शक्ती यांचा महापूर आला. एकेकट्या निरुपद्रवी वाटणाऱ्या दोन शक्ती, दोन वेगळ्या पुस्तकांतून उचलून एकाच पात्रात घातल्या, की अनर्थ होई. रचणाऱ्याला दुसरे पुस्तक ठाऊकही नसे.

एका शक्तीचा हिशेब

समतोल आकड्यांत कसा तपासतात, याचा एक नमुना पाहू. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचे अंक मिळवतात. हे अंक मुद्दाम आटोक्यात ठेवले आहेत : वर्गाच्या प्रावीण्याचा वाटा पहिल्या पातळीला 2 आणि विसाव्या पातळीला फक्त 6. त्यामुळे फाशावरचा प्रत्येक एक अंक म्हणजे पाच टक्के संधी, हे माप सगळीकडे लागू पडते.

समजा, एका योद्ध्याचा वार फाशावर 8 किंवा जास्त आल्यास लागतो आणि लागल्यास सरासरी 8 अंकांची इजा होते. संधी 65 टक्के, म्हणून दर वाराची सरासरी इजा 5.2. आता त्याच्यासाठी दोन घरगुती शक्ती सुचवल्या आहेत. पहिली : प्रत्येक लागलेल्या वाराला 2 जादा इजा. दुसरी : प्रत्येक वाराला दोन फासे टाकून मोठा अंक धरायचा. विसाच्या अंकाला मिळणारा खास मार सोयीसाठी बाजूला ठेवू.

पहिल्या शक्तीने सरासरी 6.5 होते, म्हणजे पाव हिश्शाने वाढ. दुसऱ्या शक्तीत दोन्ही फासे फसण्याची शक्यता 12.25 टक्के उरते, वार 87.75 टक्के वेळा लागतो आणि सरासरी 7.02 होते, वाढ 35 टक्के. आता शत्रू बळकट आहे आणि 13 किंवा जास्त अंक लागतो असे धरू. मूळ संधी 40 टक्के, सरासरी 3.2. पहिली शक्ती ती 4 वर नेते, वाढ पुन्हा पाव हिस्सा. दुसरी संधी 64 टक्क्यांवर आणि सरासरी 5.12 वर नेते. वाढ 60 टक्के. किरकोळ शत्रूविरुद्ध, जिथे 3 पुरेसा आहे, तीच दुसरी शक्ती फक्त 10 टक्के वाढ देते. वाक्य एकच, पण शत्रू जितका बलाढ्य तितकी ती शक्ती अधिक मोलाची होते. नेमक्या ज्या शेवटच्या लढाईत सर्वांचा कस लागायचा, तिथेच एकाचे पारडे जड होते.

दुसरा हिशेब वारंवारतेचा. पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधार-पुस्तकात एका मोहिमेच्या दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या आहेत. ‘दिवसातून तीनदा’ वापरायची शक्ती त्या मापाने काटकसरीने खर्च करावी लागते. पण कित्येक टेबलांवर दिवसाला एकच मोठी लढाई होते. तिथे तिन्ही वापर एकाच लढाईत येतात आणि विश्रांतीची गरज नसलेला योद्धा मागे पडतो. कागदावर शक्तीचा एक शब्दही बदललेला नसतो. म्हणून मुरलेले रचनाकार नवी शक्ती छापील शक्तीशेजारी ठेवून तोलतात, आणि आपल्या टेबलावर दिवस कसा जातो हे आधी पाहतात.

सारखेपणाची किंमत

आकड्यांनी समतोल पूर्ण साधण्याचा सर्वांत धीट प्रयत्न 2008 च्या चौथ्या आवृत्तीत झाला. योद्धा असो वा जादूगार, सर्वांच्या शक्ती एकाच चौकटीत बसवल्या : हव्या तेव्हा वापरायच्या, चकमकीत एकदा वापरायच्या, दिवसातून एकदा वापरायच्या. जादूगाराचे जुने वर्चस्व संपले. नवे वर्ग रचणेही सोपे झाले, कारण साचा तयार होता. पण अनेक जुन्या खेळाडूंना सगळी पात्रे एकाच कापडाची वाटू लागली. 2009 मध्ये ‘पाथफाइंडर’ हा खेळ निघाला. त्याने खुल्या परवान्याचा आधार घेऊन तिसऱ्या आवृत्तीचेच नियम पुढे नेले आणि मोठा खेळाडूवर्ग आपल्याकडे वळवला.

न्याय झाला असूनही लोक नाराज का झाले? इजेचे अंक सारखे होणे आणि गोष्टीत वाटा सारखा मिळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चोराला सापळा सापडतो तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहतात. त्या क्षणी योद्ध्याला काही करता येत नाही, याचे दुःख त्याला नसते. त्याचा क्षण पुढे यायचा असतो. लिंबूटिंबूलाही इतरांइतकी ताकद नको असते, धावाधावीत आपणही आहोत एवढेच हवे असते. पाचव्या आवृत्तीने म्हणून मधला रस्ता धरला : वर्गांचे वेगळेपण परत आणले, आकडे आटोक्यात ठेवले आणि निवाड्याचा बराच भाग सूत्रधाराकडे सोपवला. प्रकाशनाआधी 2012 पासून मसुदे खेळाडूंना खुलेपणाने खेळायला दिले गेले. 2016 मध्ये ‘डीएम्स गिल्ड’ या विक्रीव्यवस्थेतून घरगुती रचनांना पुन्हा दार उघडले.

जानेवारी 2023 मध्ये हा इतिहास एका वळणावर आला. कंपनी जुना खुला परवाना मागे घेऊन अधिक जाचक परवाना आणणार, असा मसुदा बाहेर फुटला. वीस-बावीस वर्षे त्या परवान्यावर उभे असलेले छोटे प्रकाशक आणि हौशी रचनाकार खवळले. त्यांतल्या कित्येकांचा उदरनिर्वाह त्यावर होता. 27 जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. तो परवाना मागे घेता येत नाही.

पिशाचावरचा उतारा, दुकानातून आलेला चोर, पत्रिकेतला वनरक्षक ही सगळी पात्रे आधी कोणाच्या तरी टेबलावर चुकत-माकत खेळली गेली आणि मग छापली गेली. आज कोणी नवी शक्ती रचतो, तेव्हा संधीची टक्केवारी त्याने जरूर काढावी. ते गणित आता उपलब्ध आहे आणि सोपेही आहे. त्यानंतर ती शक्ती चार बैठका खेळून पाहावी, आणि ज्या खेळाडूला ती मिळालेली नाही त्याला विचारावे, की या महिन्यात तुझ्या वाट्याला काय आले. 1824 च्या कोष्टकांना आणि 1876 च्या पंचाला एकट्याने जे जमले नाही, ते या एका प्रश्नाने बऱ्याच टेबलांवर जमले आहे.